पन्हळ, गच्ची आणि गटार : वाचकांच्या शंका

पावसाळ्यापूर्वीच्या या अंकासाठी आलेली बहुतेक पत्रे घराभोवतीच्या पाण्याच्या निचऱ्याविषयी आहेत. ओल घराच्या कोणत्या कोपऱ्यात आली आहे, हे वाचकांनी बारकाईने लिहिले आहे. ती केव्हा येते, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळाने दिसते आणि ऐन मे महिन्यात ती जागा कोरडी असते की नाही, हे मात्र फार थोड्यांनी कळवले आहे. पाणी आत शिरते एकीकडे आणि डाग उमटतो दुसरीकडे, त्यामुळे केवळ जागेवरून काढलेले निदान बऱ्याचदा फसते. म्हणून पुढील उत्तरांत वेळेचा विचार आधी केला आहे.

प्रश्न : आमचे घर जांभ्याच्या चिऱ्यांचे असून छप्पर कौलारू आहे. दोन वर्षांपूर्वी चहूबाजूंनी प्लास्टिकची पन्हळ बसवून घेतली. त्याआधी कधी नव्हती अशी ओल आता पडवीच्या भिंतीला, जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत येते आणि गिलाव्याचे पोपडे सुटतात. रंगारी म्हणतो की जलरोधक रंग लावला की झाले. काय करावे? (एक वाचक, रत्नागिरी जिल्हा)

उत्तर : आपल्या पत्रातील महत्त्वाचा तपशील म्हणजे पन्हळ बसवल्यानंतर ओल आली, हा. पन्हळ नव्हती तेव्हा पागोळ्या संपूर्ण वळचणीभर पडत असत आणि पाणी चाळीस-पन्नास फुटांच्या लांबीवर विभागले जात असे. पन्हळीने ते सगळे पाणी एका नळात आणले. आणि तो नळ, माझा अंदाज आहे, पडवीच्या कोपऱ्यावर जोत्याला चिकटूनच जमिनीवर सोडलेला असणार. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या हिशेबाने ५०० चौरस फुटांच्या छपरावर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस झाला तर सुमारे २,३०० लिटर पाणी खाली येते. आपल्या जिल्ह्यात वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. म्हणजे तेवढ्याच छपराचे एका हंगामाचे पाणी १ लाख ४० हजार लिटरच्या आसपास जाते. ते सारे एका कोपऱ्यात ओतले गेले तर जांभा ते टिपकागदासारखे शोषून वर चढवणारच.

खात्री करून घेण्याच्या खुणा सोप्या आहेत. ओलीची वरची कड साधारण आडवी आहे का आणि नळाच्या कोपऱ्याशी ती सर्वांत उंच आहे का, हे पाहावे. त्या कडेवर पांढरी, खारट भुकटी, म्हणजे लोणा, दिसत असेल तर पाणी जमिनीतून वर येत आहे. याउलट भिंतीच्या तळाशी फूट-दीड फूट उंचीपर्यंत तांबड्या मातीचे शिंतोडे दिसत असतील, तर पाणी पन्हळीवरून ओसंडून अंगणात आपटत आहे. पन्हळ असूनही वळचणीखालच्या जमिनीत नव्याने चर पडत असेल, तर त्याचाही अर्थ हाच.

पन्हळीची तपासणी भर पावसात छत्री घेऊन बाहेर उभे राहून करावी. कोरड्या दिवशी ती सगळीच ठीक दिसते. पन्हळ भरून वाहते आहे, पण नळाच्या तोंडातून पाणी बारीक पडते आहे, असे दिसले तर नळाच्या वरच्या तोंडाशी किंवा कोपराच्या वळणात पाने अडकली आहेत. नळ पूर्ण भरून वाहतो आहे आणि तरीही पन्हळ ओसंडते आहे, असे असेल तर नळ अपुरा आहे. तेथे कितीही सफाई केली तरी उपयोग होणार नाही, दुसरा नळ काढावा लागेल किंवा तीन इंचीऐवजी चार इंची बसवावा लागेल. पाणी फक्त मधल्या भागातून सांडत असेल तर आकड्या सैल होऊन पन्हळ तेथे खाली बसली आहे. पाणी पन्हळीच्या मागच्या बाजूने, म्हणजे पन्हळ आणि फळी यांच्या फटीतून उतरत असेल तर ते सर्वांत वाईट, कारण ते अंगणातून दिसत नाही. त्याची खूण म्हणजे वाशांची टोके काळी पडणे, फळी फुगणे, आणि पुढे तेथेच वाळवी लागणे. सांध्याखाली भिंतीवर उभा हिरवा पट्टा असेल तर तो सांधा बराच काळ ठिबकतो आहे. पन्हळीत पिंपळाचे किंवा वडाचे रोप डोकावत असेल, तर आत एका झाडाला पुरेल इतकी माती साठली आहे, हे वेगळे सांगायला नको.

सध्या पाऊस नसल्याने एक चाचणी करता येईल. पन्हळीच्या नळापासून दूरच्या टोकाला दोन बादल्या पाणी ओतावे आणि दहा मिनिटांनी शिडीवरून पाहावे. जेथे डबके उरले असेल तेथे उतार चुकला आहे. दहा फुटांना अर्धा इंच एवढा उतार पुरतो.

जलरोधक रंगाचा सल्ला कृपया मानू नये. ओल्या भिंतीवर तो लावल्यास आतील वाफ बाहेर पडण्याची वाट बंद होते, आणि पाणी आतल्या खोलीच्या बाजूने निघते किंवा रंगाला फोड येतात. प्रथम नळाच्या पायथ्याला कोपर जोडून पाणी दगडी किंवा सिमेंटच्या पाटाने जोत्यापासून किमान पाच-सहा फूट दूर न्यावे आणि जमिनीचा उतार घराकडून बाहेरच्या बाजूस, दहा फुटांत सहा इंच असा, करून घ्यावा. खराब गिलावा खरवडून भिंत एक पूर्ण उन्हाळा उघडी वाळू द्यावी, आणि त्यानंतरच, जांभ्याला मानवतो असा चुन्याचा गिलावा करावा. पूर्वीच्या घरांत पागोळ्यांच्या रेषेवर चिरे बसवून पाट काढलेला असे. आपल्याकडे तो पाट अजून असल्यास पन्हळीचे पाणी त्यातच सोडावे.

प्रश्न : आम्ही चार मजली इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. शयनगृहाच्या छताच्या कोपऱ्यात गोल डाग पडतो, पण गंमत म्हणजे पाऊस पडताना नव्हे तर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, पाऊस थांबल्यावर. गच्चीवर आजवर दोनदा जलरोधन झाले आहे. तिसऱ्यांदा करावे काय? (एक वाचक, पुणे)

उत्तर : डाग उशिरा दिसतो यात विसंगती नाही, उलट ते निदानाला साहाय्यक आहे. गच्चीच्या स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा कोबा असतो. त्यात पाणी शिरले की तो कोबाच पाण्याचा साठा बनतो आणि स्लॅबमधील एखाद्या बारीक चिरेतून ते सावकाश खाली सोडतो. बाहेरील भिंतीच्या भेगेतून झोडपणीचे पाणी येत असते तर डाग तासा-दोन तासांत, तोही वारा विशिष्ट दिशेने असतानाच दिसला असता. आणि वरच्या टाकीचा किंवा टाकीच्या सांडव्याच्या नळाचा दोष असता तर डागाने पावसाची वाट पाहिली नसती.

मात्र गच्चीतून गळते आहे, एवढ्यावरून तिसरे जलरोधन ठरवू नये. दोन वेळा थर चढवलेल्या गच्चीवर एक दोष हमखास आढळतो : प्रत्येक थराबरोबर गच्चीची पातळी इंच-दीड इंच वर येते, परंतु पावसाळी नळाचे तोंड जुन्याच जागी राहते, कारागीर ते सिमेंट-वाळूच्या मसाल्याने वळवून घेतात आणि चार इंची तोंडाचे अडीच इंची तोंड होते. कधी उलटही होते आणि तोंडाभोवतीची कड उंच राहून पाणी तेथपर्यंत पोहोचतच नाही. पाऊस थांबल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीवर जाऊन पाणी कोठे साचले आहे ते पाहावे. कोरड्या दिवसांतही धुळीची गोल वलये आणि वाळलेल्या शेवाळाचे काळे चट्टे त्या जागा दाखवून देतात. गच्चीला शंभरास एक एवढा तरी उतार हवा. नळाच्या तोंडावर सपाट जाळी असेल तर ती एका पिशवीने किंवा चार पानांनी झाकली जाते. तेथे घुमटाच्या आकाराची जाळी बसवावी.

आता डाग नक्की कशामुळे आहे, हे वेगळे काढण्यासाठी कोरड्या आठवड्यात दोन चाचण्या, मध्ये चार-पाच दिवसांचे अंतर ठेवून, कराव्यात. पहिल्या दिवशी गच्ची कोरडी ठेवून केवळ नळाच्या तोंडात दहा-बारा बादल्या पाणी सोडावे. त्याने डाग ओला झाला तर दोष गच्चीत नसून नळाच्या सांध्यात आहे, आणि नळ भिंतीत चिणलेला असेल तर ही शक्यता बरीच मोठी असते. त्याने काही झाले नाही तर नंतर डागावरच्या भागाभोवती मसाल्याची छोटी बांध घालून तेवढ्यातच दोन इंच पाणी एक-दोन दिवस साठवावे. संपूर्ण गच्ची तुंबवून चाचणी करण्याचा आग्रह काही कंत्राटदार धरतात. जुन्या इमारतीवर अभियंत्याला विचारल्याशिवाय तसे करू नये, कारण प्रत्येक इंच पाण्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे २५ किलो असते. त्याच कारणासाठी, जुने थर न काढता त्यावर तिसरा थर चढवणेही मला योग्य वाटत नाही.

कठडा आणि गच्ची यांच्या सांध्यातील गोलाईला केसाएवढी भेग असली तरी ती नखाने चाचपून पाहावी. खोलीच्या कोपऱ्यातील डागांचे मूळ वारंवार तेथेच असते.

प्रश्न : आमची सदनिका तळमजल्यावर आहे. सकाळी वरच्या मजल्यांवर कपडे धुतले जातात तेव्हा आमच्या न्हाणीघरातील जाळीतून फेस वर येतो. त्याआधी काही महिने शौचकूपातून गुडगुड असा आवाज येत असे. प्लंबरने ॲसिड ओतले की चार दिवस बरे जातात. संस्थेचे म्हणणे आहे की घराच्या आतील दुरुस्ती आमची आम्ही करावी. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : तो फेस आपल्या घरचा नाही, हाच आपल्या बाजूचा पुरावा आहे. आपल्या बेसिनचे किंवा मोरीचे पाणी एकट्याने हळू जात असते तर दोष आपल्या नळात शोधावा लागला असता. येथे मात्र इतरांचे पाणी आपल्याकडे उलटत आहे, म्हणजे सगळ्यांचे पाणी जेथे एकत्र येते त्यापुढे कोठेतरी अडथळा आहे, आणि तुंबलेले पाणी सर्वांत खालच्या तोंडातून बाहेर पडते. ते तोंड तळमजल्यावरचे, म्हणून त्रास आपल्याला. संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार सांडपाण्याच्या सामाईक नलिका आणि त्यांतून होणारी गळती ही संस्थेची जबाबदारी आहे. संस्थेला लेखी पत्र द्यावे, आणि फेस येतानाचे, वेळ दिसेल असे चित्रण सोबत जोडावे.

गुडगुड आवाज ही या विकारातील पहिली पायरी होती. नळातून पाणी जाताना हवेलाही वाट लागते. ती मिळाली नाही की हवा जवळच्या ट्रॅपमधील, म्हणजे जाळीखाली वास अडवण्यासाठी उभ्या असलेल्या, पाण्यातून बुडबुडे काढत बाहेर येते. त्यानंतर पाणी सावकाश जाऊ लागते, शौचकूपातील पाण्याची पातळी आपोआप वर-खाली होते, दुर्गंधी येते आणि शेवटी पाणी उलटते. गुडगुड ऐकू आली तेव्हाच बाहेरचे चेंबर उघडले असते तर खर्च फार कमी झाला असता. काही इमारतींत नळ साफ असूनही केवळ गुडगुड येत राहते. तेव्हा गच्चीवरील हवेच्या नळाचे तोंड पाहावे. पक्ष्याच्या घरट्याने ते बंद झालेले असते, किंवा गच्चीवर पत्र्याची शेड घालताना कोणीतरी तो नळ कापून झाकून टाकलेला असतो.

अडथळ्याची जागा शोधण्यासाठी आवारातील चेंबरची झाकणे एकामागून एक उघडून पाहावीत. एक चेंबर काठोकाठ भरलेले आणि त्याच्या पुढचे रिकामे असेल, तर अडथळा त्या दोहोंच्या मधल्या नळात आहे. सगळीच चेंबर भरलेली असतील तर दोष रस्त्याखालच्या पालिकेच्या वाहिनीत आहे आणि तक्रार तेथे करावी लागेल. सफाईनंतर ठराविक काळाने अडथळा त्याच टप्प्यात परत येत असेल तर तो कचऱ्याचा नव्हे, नळाचा दोष आहे : जमीन खचून नळाला पोट आलेले असते, किंवा जुन्या चिनी मातीच्या नळांच्या सांध्यांतून झाडाची मुळे आत शिरलेली असतात. अशा वेळी नळातून कॅमेरा फिरवून घेण्याचा खर्च वाया जात नाही. चार इंची नळाला चाळीस फुटांत एक फूट आणि सहा इंचीला साठ फुटांत एक फूट, हा उताराचा प्रचलित नियम आहे. तो नव्या कामात पाळला गेला की नाही हे नळ गाडण्यापूर्वी पाहून घ्यावे.

ॲसिड थांबवावे. ते अडथळ्यापर्यंत पोहोचेतो पातळ होते, वाटेतील सिमेंटचे सांधे खाते, आणि त्याआधी किंवा नंतर कोणी ब्लीचिंगचे द्रावण ओतले असेल तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो. चेंबरमध्ये कोणालाही उतरवू नये. तेथे हायड्रोजन सल्फाइड साठलेला असू शकतो आणि त्याचा उग्र वास काही क्षणांनी नाकाला जाणवेनासा होतो. शिवाय संरक्षक साधनांविना अशा कामासाठी माणूस उतरवणे २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. यंत्राची गाडी बोलवावी.

हा त्रास फक्त मुसळधार पावसात होत असता तर मी वेगळे उत्तर दिले असते. तेव्हा गच्चीचे किंवा आवाराचे पावसाळी पाणी कोणी मैलावाहिनीला जोडले आहे का, ते आधी पाहावे लागते.

प्रश्न : आषाढ-श्रावणात आमच्या शौचालयाचे पाणी उतरत नाही. गेल्या वर्षी सेप्टिक टँक उपसून घेतली, तरी आठ दिवसांत ती पुन्हा भरली. टाकीला चीर गेली असेल का? अंगणात विहीर आहे. (एक वाचक, फोंडा, गोवा)

उत्तर : सेप्टिक टँक नेहमी भरलेलीच असते. एका बाजूने जेवढे पाणी येते तेवढेच दुसऱ्या बाजूने शोषखड्ड्याकडे जाते, अशीच तिची रचना आहे. घरात पाच माणसे असतील आणि दररोज ५०० लिटर पाणी टाकीत जात असेल, तर ३,००० लिटरची टाकी सहा दिवसांत भरणे स्वाभाविक आहे. त्यामुळे आठ दिवसांत भरली, यावरून चीर सिद्ध होत नाही. पाणी टाकीत मावत नाही असे नसून ते पुढे जात नाही, आणि केवळ आषाढ-श्रावणात जात नाही, यावरून दोष शोषखड्ड्याकडे दिसतो. त्या दिवसांत भूजल वर येते, खड्ड्याभोवतीची माती आधीच पाण्याने भरलेली असते, आणि ती आणखी पाणी घेऊ शकत नाही.

खड्ड्यावरील जमीन आजूबाजूपेक्षा मऊ लागते का, तेथील गवत उन्हाळ्यातही अधिक हिरवे आणि दाट असते का, पावसाळ्यात तेथे काळपट पाणी झिरपते का, हे पाहावे. त्याचबरोबर छपराच्या पन्हळीचे पाणी त्याच बाजूला सोडलेले नाही ना, याची खातरजमा करावी. मी पाहिलेल्या घरांत हा प्रकार इतक्या वेळा आढळला आहे की आता मी खड्ड्याआधी पन्हळच पाहतो. छपराचे पाणी दुसरीकडे वळवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. तो पुरेसा न पडल्यास अधिक उंच जागेवर दुसरा शोषखड्डा काढून दोन्ही आलटून-पालटून वापरावेत. टाकीतील गाळ दर दोन-तीन वर्षांनी काढावा, पण ऐन पावसात नव्हे : भूजल वर असताना रिकामी केलेली, विशेषतः प्लास्टिकची, टाकी तरंगून वर उचलली जाते आणि नळ तुटतात.

विहिरीचा प्रश्न शौचालयापेक्षा तातडीचा आहे. शोषखड्डा पिण्याच्या पाण्यापासून किमान १८ मीटर दूर असावा. तेवढे अंतर नसेल, किंवा असूनही पाण्याला वास वा रंग येत असेल, तर पाण्याची जंतुतपासणी होईपर्यंत ते उकळल्याशिवाय पिऊ नये.

प्रश्न : आमचे बंगलीवजा घर काळ्या जमिनीवर आहे. एका खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग निघाली आहे. ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटते. याचा पाण्याच्या निचऱ्याशी काही संबंध आहे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि वाळली की आकसते. सगळे घर एकसारखे वर-खाली झाले असते तर भेग पडली नसती. एक कोपरा इतरांपेक्षा अधिक ओला किंवा अधिक कोरडा राहतो म्हणून ती पडते. त्या कोपऱ्याशी पावसाळी नळ, धुण्याची मोरी, गळके चेंबर किंवा मोठे झाड यांपैकी काय आहे ते पाहावे. मोरीच्या चेंबरवर संशय असेल तर त्यात रंग कालवलेले पाणी सोडून चेंबरचा पुढचा नळ तासभर बोळ्याने बंद ठेवावा. पातळी उतरली तर पाणी पायाकडे जात आहे. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी आणि दर महिन्याला रुंदी मोजावी. घराभोवती तीन फूट रुंद, बाहेर उताराची फरसबंदी केल्याने ओलावा बऱ्याच अंशी समान राहतो. भेग पाच मिलिमीटरहून रुंद असेल, किंवा पावसाळ्यातही मिटेनाशी झाली, तर मात्र संरचना अभियंत्याला घर दाखवावे.

प्रश्न : आम्ही परदेशात राहतो. नाशिकची सदनिका वर्षातून दोनदा उघडतो, तेव्हा गटाराचा उग्र वास आणि झुरळे असतात. नळ कोठेही तुंबलेले नाहीत. (एक वाचक)

उत्तर : प्रत्येक जाळीखालच्या ट्रॅपमध्ये साधारण दोन इंच पाणी उभे असते आणि तेच गटाराचा वास व किडे अडवते. घर काही आठवडे बंद राहिले की ते पाणी उडून जाते. आल्याबरोबर खिडक्या उघडून प्रत्येक जाळीत, बेसिनमध्ये आणि शौचकूपात बादलीभर पाणी ओतावे. दोन दिवसांनीही वास टिकला तरच प्लंबर बोलवावा. निघताना ट्रॅपमध्ये पाण्यावर दोन चमचे खाद्यतेल सोडल्यास ते उडण्याचा वेग बराच कमी होतो, आणि शेजारी किल्ली असेल तर महिन्यातून एकदा पाणी ओतण्याची विनंती त्यांना करून ठेवावी.